कोलकात्यात पाचलाच काळोख पडतो, बाय

«ताई, आम्ही फोंडा तालुक्यातले. घरात आम्ही दोघे, सहावीतला मुलगा, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि सासरे (वय ७२, दमा आहे). नाताळच्या सुटीत तीन रात्रींसाठी एखादं मोठं शहर बघून यायचं ठरतंय. ह्यांना दिल्ली हवी, आणि त्यातच आग्राही. मला लहानपणापासून कोलकाता बघायचंय. सासूबाई म्हणतात, कुठेही न्या, पण देवदर्शन होऊ दे. मुंबईच्या नणंदेने दिल्लीतल्या एकवीस ठिकाणांची यादी पाठवलीय. पण आम्ही उन्हाळ्यात जाणार असं तिला वाटतंय. ती दर नाताळात मुलाबाळांसह आमच्याकडे येते आणि आठवडाभर नऊ माणसांचं रांधप माझ्याकडे असतं. यंदा आम्ही घरी नाही, हे तिला सांगायला कोणी धजत नाही. शिवाय सासूबाईंना घर बंद ठेवणं पटत नाही. देवाकडे दिवा कोण लावणार, म्हणतात. काय करू?
— एक सून»

प्रिय बाय,

डिसेंबरात अख्खा देश गोव्यात उतरतो आणि गोव्यातली बाई तेवढी किसणीवर नारळ किसत बसते. माझ्या घरीही कितीतरी वर्षं हेच चाललं होतं, म्हणून तुझं पत्र वाचताना आधी हसू आलं आणि मग जरा रागही. जा तू. नणंदेचं शेवटी बघू, आधी गाव ठरवू.

दिल्ली नको. दिल्ली वाईट म्हणून नव्हे, तुझे दिवस चुकीचे आहेत म्हणून. डिसेंबर संपता संपता आणि जानेवारीत उत्तरेत धुकं उतरतं, विमानं आणि गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात. त्यातच धूर खाली बसतो आणि दम्याच्या माणसाला श्वास पुरत नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाला अशा वेळी तिथे नेऊन काय दाखवणार? एकदा ऐन डिसेंबरात आम्ही दिल्लीहून पहाटे आग्र्याला निघालो होतो. दोनशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, समोरच्या गाडीचे लाल दिवे सोडले तर काहीही दिसत नव्हतं, आणि ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकत होता. ताजमहालापाशी पोचलो तेव्हा गाइड हात लांब करून ‘सामने देखिए’ म्हणाला. समोर पांढरं होतं, एवढं खरं. ते संगमरवर की धुकं, हे कळायला साडेअकरा वाजले. तुझ्या नवऱ्याला सांग, दिल्ली शिगम्याच्या आधी, फेब्रुवारीच्या शेवटाला करू. तेव्हा तिथे बागा फुललेल्या असतात. आणि ताज शुक्रवारी बंद असतो, हेही त्याच्या कानावर घालून ठेव. नणंदेच्या यादीत ते नसणार.

तुझं कोलकाता मात्र नेमकं याच दिवसांत बघायचं गाव. उन्हाळ्यात तिथे घामाने जीव नकोसा होतो आणि पावसात रस्त्यांवर पाणी भरतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री पारा चौदाच्या आसपास उतरतो, दुपारी पंचविशीत असतो, आणि सगळं शहर उन्हात बसायला बाहेर पडतं. हवा तिथलीही हिवाळ्यात स्वच्छ नसते, ते तुझ्यापासून लपवत नाही. सासऱ्यांना निघण्याआधी डॉक्टरकडे ने, पंप हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नको. पहाटे त्यांना बाहेर काढू नकोस. एवढं सांभाळलं तर निभेल. धुकं कोलकात्याच्या विमानतळावरही पहाटे असतं, म्हणून जाता-येता दुपारचं विमान घे.

तिकीट काढताना आधी परतीचं बघ. नाताळ ते एक जानेवारी या दिवसांत गोव्याकडे येणारी विमानं भरलेली असतात आणि महाग असतात. जाताना तेवढा त्रास नाही. परतीचा दिवस परवडेल तो ठरव आणि तीन रात्री मागे मोज. थेट विमान अडीच-पावणेतीन तासांत पोचवतं, पण गोव्यात आता विमानतळ दोन, तेव्हा ते दाबोळीचं आहे की मोपाचं, हे तिकिटावर दोनदा वाच. तुमच्या फोंड्याला दाबोळी जवळ. माझ्या ओळखीचं एक कुटुंब अख्खं सामान घेऊन दाबोळीला जाऊन उभं राहिलं आणि त्यांचं विमान मोपाहून उडालं. वास्कोहून अमरावती एक्सप्रेस जाते, पण तिला दीड दिवसाहून जास्त लागतो. तीन रात्रींच्या प्रवासात ते बसत नाही. मुलाला गाडीची हौस असेल तर ती दुसऱ्या कधी भागव.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. कोलकाता आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. त्यामुळे नाताळच्या दिवसांत तिथे सव्वासहाला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आपल्याकडे त्या दिवसांत सहा वाजून गेल्यावर तो समुद्रात उतरतो. गोव्यातून गेलेली माणसं नऊला उठतात, अकराला आंघोळी आटोपून बाहेर पडतात, दोनला जेवतात आणि चारला म्हणतात, चला आता बघायला सुरुवात करू. तेवढ्यात काळोख. माझी पहिली खेप अशीच वाया गेली. हावडा पुलाचे दिवे बघितले, पूल बघायचा राहिला. उजेडाचे साडेदहा-पावणेअकरा तास मिळतात, त्यातले दोन जेवणाखाण्यात आणि दोन गाडीत जातात. उरलेल्या वेळात गुडघेदुखीच्या बाईला घेऊन दोन ठिकाणं होतात, तीन नाही. म्हणजे दोन पूर्ण दिवसांत चार, आणि जाण्यायेण्याच्या दिवसांत जमलं तर एखादं. एकवीस ठिकाणांची यादी नणंदेला परत पाठव.

ही चार ठिकाणं तू एकटीने निवडू नकोस. एकेकाला एकेक अर्धा दिवस दे.

पहिला सासूबाईंचा. त्यांना दक्षिणेश्वरच्या कालीच्या देवळात ने. कालीघाट जास्त प्रसिद्ध आहे, पण तिथे पंडे मागे लागतात, रेटारेटी असते आणि बोकडाचा बळीही दिला जातो. शंकर आणि विष्णूचं भांडण मिटवणाऱ्या शांतादुर्गेच्या शेजारी ज्या बाईचा जन्म गेला, तिला एकदम ते दाखवू नकोस. दक्षिणेश्वरचं देऊळ राणी रासमणीने १८५५ मध्ये बांधलं. ही शूद्र मानल्या गेलेल्या जातीतली विधवा जमीनदारीण. तिच्या देवळात पूजा करायला ब्राह्मण पुजारी मिळेना, आणि मग जे आले त्यांच्या धाकट्या भावाला पुढे सगळं जग रामकृष्ण परमहंस म्हणून ओळखू लागलं. सासूबाईंना जाताना हे सांग, दर्शनाला वेगळा रंग चढेल. मेट्रो थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते. सकाळी नाश्ता करून निघा, दुपारी गाभारा बंद होतो. दर्शन झालं की घाटावरून होडी पकडून पलीकडे बेलूर मठात जा. तो १८९८ नंतर स्वामी विवेकानंदांनी उभा केला. तोही दुपारी बंद असतो, तेव्हा दोन्ही एका सकाळीत बसवायची असतील तर साडेसातला निघायला हवं. नाही जमलं तर बेलूर सोड. होडीत चढता-उतरताना पायऱ्या आहेत, सासूबाईंचा एक हात तुझ्या नवऱ्याकडे. तुझ्याकडे नको, तू फोटो काढ.

सासऱ्यांचा अर्धा दिवस व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत घालव. आत दालनं आहेत, चित्रं आहेत, सोमवारी ती बंद असतात. पण हिवाळ्यात त्या वास्तूची खरी मजा बाहेर. मकराण्याचा तोच संगमरवर, जो ताजमहालाला लागला, समोर तळी, आणि हिरवळीवर वर्तमानपत्र अंथरून संत्री सोलत बसलेली बंगाली कुटुंबं. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली, इमारत उघडली १९२१ मध्ये, आणि मधल्या काळात इंग्रजांनी राजधानीच दिल्लीला हलवली. म्हणजे राजधानीसाठी बांधायला घेतलेलं स्मारक माजी राजधानीत उभं राहिलं. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर यावर ते तासभर बोलतील. उन्हात बसू दे त्यांना, दम्यालाही तेच बरं. दुपारी अकरा ते तीन ही त्यांची वेळ ठेव.

बोलता बोलता त्यांना हेही सांग: या शहराने एकदा आपल्या माणसांच्या भीतीने खंदक खणला होता. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात घुसले आणि कोलकात्याभोवती मराठा डिच खणायला घेतला गेला. मराठे काही तिथवर आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, आणि पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात त्याच्या नावाची गल्ली अजून आहे. बंगालात आया पोरांना झोपवताना ‘बर्गी’ आले म्हणून घाबरवत. बर्गी म्हणजे आपले बारगीर. हॉटेलात आडनाव सांगताना जरा नम्रपणे सांगा.

मुलाचा अर्धा दिवस सगळ्यात स्वस्त. देशातली पहिली मेट्रो इथली, १९८४ ची. पण तुझ्या मुलाला नवी दाखव: एस्प्लनेडहून हावडा मैदानाकडे जाणारी गाडी हुगळी नदीच्या खालून जाते. पाण्याखालचा पट्टा पाऊण मिनिटात संपतो, बोगद्यात निळे दिवे लागतात, तेव्हा पापणी लवू देऊ नकोस म्हणावं. मार्च २०२४ पासून ही सुरू आहे. हावड्याला उतरा, स्टेशनसमोरच्या धक्क्यावरून फेरीने परत या. नदीच्या खालून गेलात आणि वरून परतलात, हे त्याला शाळेत सांगायला पुरेल. ती फेरी आपल्या पणजी-बेतीसारखी नाही, गाड्या चढत नाहीत, फक्त माणसं. धक्क्यावरून हावडा पूल समोरच दिसतो. तो १९४३ चा. त्यात नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटने जोडलेलं. पिवळ्या अँबॅसिडर टॅक्सीत बसवायची असेल तर पहिल्याच दिवशी दिसेल ती थांबव. त्यांची संख्या झपाट्याने घटतेय आणि ही गाडी बनवणारा कारखाना २०१४ मध्येच बंद पडला. प्राणिसंग्रहालय म्हणशील तर गुरुवारी बंद, आणि २५ डिसेंबर व १ जानेवारीला तिथे मुंगी शिरायला जागा नसते. मी असते तर वगळलं असतं.

तुझा आणि नवऱ्याचा मिळून एक अर्धा दिवस. तो गप्प बसला आहे असं समजू नकोस, त्याची दिल्ली गेलीय. पार्क स्ट्रीटजवळ इंडियन म्युझियम आहे, १८१४ चं, आशियातलं सगळ्यात जुनं. तेही सोमवारी बंद. तिथे लोक इजिप्तची ममी बघायला धावतात. तुम्ही भारहुतच्या दालनात जा. स्तूपाभोवतीचा लाल दगडाचा कठडा, त्यावर कोरलेल्या जातककथा म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, बावीसशे वर्षांच्या आसपासचं काम. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घरदार सोडून निघाले, काशी, नेपाळ, सिंहल पालथं घातलं, आणि त्यांनी पुढे याच शहरात पाली शिकवली. साष्टी-मुरगावच्या बाजूचा अर्धवट शाळा झालेला मुलगा कलकत्त्याला विद्वानांत बसला. त्या दगडांसमोर उभी राहशील तेव्हा त्यांची आठवण काढ.

पाचनंतरचा काळोख वाया घालवायचा नाही, तो खाण्यासाठी आहे.

थंडीत बंगालात खजुरीच्या झाडाला मडकी बांधतात. रात्रभर रस ठिबकतो, पहाटे तो आटवतात. तोच नोलेन गूळ. आपल्याकडे रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, माडावर चढतो आणि माडाचं काळं गूळ होतं ना, तिकडे खजुरीचं तसंच. फरक एवढाच की तिथलं हे काम थंडीपुरतं. ऊन तापलं की रस आंबू लागतो, गोडी जाते. म्हणून नोलेन गुळाचा संदेश (छेन्याची बंगाली मिठाई) जुलैत मागितलास तर जे मिळेल ते खरं नव्हे. दुकानात गेलात की पांढरा संदेश बाजूला ठेवायला सांग आणि तपकिरी माग. शिवाय जयनगरचा मोआ: सुवासिक साळीच्या लाह्या आणि हाच गूळ, आपल्या लाडवाएवढा पण हातात घेताच विस्कटणारा. दोनतीन दिवसांत तो कडक होतो, तिथेच खा. सकाळी नाश्त्याला मटाराची कचोरी, तीही हिवाळ्यातलीच.

मासळीचं मात्र समजून घ्या. तिथे राज्य गोड्या पाण्यातल्या मासळीचं, मोहरीच्या तेलात. आपल्याला खोबऱ्याच्या वाटपाची सवय, पहिला घास नाकात जातो. रुईला (म्हणजे रोहूला) काटे फार, सासऱ्यांना देऊ नकोस. इलिशसाठी (हिल्सा मासळीसाठी) हट्ट धरू नका, तिचा मोसम पावसाचा. भेटकी मागा. भेटकी म्हणजे आपला चणक, दुसरं काही नाही. हे कळलं की सासऱ्यांचा चेहरा बघ.

नाताळची रोषणाई पार्क स्ट्रीटवर असते. २४ आणि २५ च्या संध्याकाळी तिथे माणूस माणसाला चिकटून चालतो, वृद्धांना घेऊन जाऊ नका. २६ नंतर जा, दिवे तेच असतात. न्यू मार्केटमधल्या नाहूमच्या बेकरीत फ्रूट केक मिळतो, ज्यू कुटुंबाने शंभरावर वर्षांपूर्वी सुरू केलेली बेकरी. नाताळात रांग बाहेरपर्यंत येते. आपल्या गावात शेजारच्या घरून नेवऱ्या आणि बेबिंका आयती येते, म्हणून मी रांगेत उभी राहिले नाही. तुला हौस असेल तर नवऱ्याला उभा कर.

राहायचं पार्क स्ट्रीट ते रवींद्र सदन या पट्ट्यात बघ, मेट्रो स्टेशनला चालत जाता येईल असं. फोनवर तीन गोष्टी विचार: लिफ्ट आज चालू आहे का (आहे का नव्हे, चालू आहे का), न्हाणीघरात पायरी आहे का, सकाळी सहाला गरम पाणी येतं का. जुन्या वाड्यात केलेल्या एका हॉटेलात मी आईला घेऊन गेले होते. फोटोत सुंदर. लिफ्ट बंद, खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि न्हाणीघराला उंबरठा एवढा की आई म्हणाली, हे देवळाचं महाद्वार आहे की मोरी? तीन दिवस तिने खाली उतरायचं नाव घेतलं नाही.

स्वेटर इथून विकत घेऊ नकोस, गोव्यात लोकरीचे कपडे महाग आणि वाईट. एकेक शाल, कानटोपी आणि पायमोजे पुरतात. अंगावर जास्त हवं वाटलंच तर वेलिंग्टन चौकात थंडीत हिमालयाकडचे भुटिया लोक लोकरीचा माल घेऊन बसतात. बंगाली माणूस अठरा अंशाला माकडटोपी घालतो, तेव्हा सासऱ्यांना लाजायचं कारण नाही.

आता नणंद.

तिला फोन तू करायचा नाही. तिच्या भावाने करायचा, आणि आजच. डिसेंबर उजाडेपर्यंत थांबलात तर तिची रेल्वेची तिकिटं झालेली असतील आणि मग तो अपमान ठरेल. कारणं रचू नका, आजारपण तर मुळीच नको, खोटं गोव्यात दोन दिवस टिकत नाही. ‘यंदा आम्ही आई-बाबांना घेऊन फिरायला जातोय’ एवढं एकच वाक्य. ती म्हणेल, मग आम्ही कुठे जायचं? इथे तुझ्या सासूबाईंचा दिवा कामाला येतो. ती त्या घरची लेक आहे ना? देवाकडे दिवा लावायचा, तुळशीला पाणी घालायचं, हे तिला तुझ्या लग्नाआधीपासून ठाऊक. तिला सांगा, घर तुझंच, चावी शेजारी ठेवलीय, ये आणि राहा, पण यंदा चूल तू पेटवायची. आली तर घर उघडं राहील आणि सासूबाई निवांत निघतील. नाही आली तर शेजारणीला तीन दिवस दिव्याचं सांग. तेल, वाती, काडेपेटी देवघरात काढून ठेव. गावात हे कोणी नाकारत नाही.

सासूबाईंना हा बेत तू सांगू नकोस. नणंदेलाच सांगू दे, ‘आई, दिवा मी लावीन.’ सुनेने दिलेला भरवसा आणि लेकीने दिलेला भरवसा यांचं वजन वेगळं असतं. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी आईही तशीच असणार.

आणि येताना पाटाली गुळाची (नोलेन गुळाचाच घट्ट प्रकार) एक ढेप जास्त आण, नणंदेसाठी. डबा घट्ट झाकणाचा घे, दाबोळीला उतरताच उकाड्याने तो गूळ पाझरायला लागतो.

तुझी,
ताई